उलटं पाणी

अलिबाग तालुक्यात जमीन घ्यायची तर ज्या चार-पाच जणांना फोन करावाच लागतो, त्यांतला तो एक. गावात सगळे त्याला दादा म्हणतात आणि मुंबईच्या गिऱ्हाइकांच्या मोबाईलमध्ये त्याचा नंबर ‘दादा प्लॉट’ या नावाने असतो. आपणही दादाच म्हणू. माणूस वाईट नाही. शब्दाला जागणारा, मयताला पहिला पोचणारा, भजनी मंडळाला स्वखर्चाने पेटी घेऊन देणारा. फक्त मोकळी जागा दिसली की मनातल्या मनात तिचे गुंठे पाडल्याशिवाय त्याला चैन पडत नाही.

धंदा त्याने मेहनतीने वाढवला, पण काळही धावून आला. मार्च 2020 मध्ये भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला गाड्या घेऊन येणारी रो-रो बोट सुरू झाली. जानेवारी 2024 मध्ये अटल सेतू खुला झाला. मुंबईकराच्या लेखी अलिबाग हा तालुका राहिला नाही, तो शनिवार-रविवार झाला. पूर्वी शेत किती खंडीचं असं विचारायचे. आता विचारतात गुंठे किती, रस्त्याला किती फूट, आणि समुद्र किती मिनिटांवर. पांढरा कांदा ज्या रानात व्हायचा तिथे पोहण्याचे तलाव झाले. वालाच्या शेंगा, भांबुर्डीचा पाला आणि मडकं घेऊन हिवाळ्यात पोपटी लावायची, ती आता रिसॉर्टवाले लावतात आणि माणशी पैसे घेतात.

अशा या दादाला त्याच्या बायकोने फेब्रुवारीत हेमलकशाला आणलं. तिच्या भिशीतल्या बायकांची सहल होती. आनंदवन, सोमनाथ, हेमलकसा, अशी पुण्या-मुंबईची माणसं करतात तशी. आलापल्लीपर्यंत दादाचं लक्ष सुरजागडच्या खाणीतून लोहखनिज घेऊन येणाऱ्या ट्रकांकडे होतं. रस्त्याच्या कडेला कुणी जागा घेऊन ठेवली असेल, याचा त्याने दोनदा अंदाज बांधला. आलापल्लीनंतर जंगल दाटलं, मोबाईलची रेंज गेली आणि तो गप्प झाला.

लोक बिरादरी प्रकल्पात सगळ्यांनी तिथली कहाणी ऐकली. बाबा आमट्यांनी डिसेंबर 1973 मध्ये इथे काम सुरू केलं. प्रकाश आणि मंदाकिनी हे दोन डॉक्टर वीज नाही, रस्ता नाही अशा जागी झोपडीत राहिले, आणि पावसाळ्यात नद्या चढल्या की मागे फिरायची वाटच उरायची नाही. 2008 साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला तोवर माडिया आदिवासींच्या दोन पिढ्या त्या दवाखान्यात येऊन गेल्या होत्या. बायकांनी डोळे पुसले. दादानेही पुसले, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

संध्याकाळी सगळे भामरागडच्या संगमावर गेले. इंद्रावती, पामुलगौतमी आणि पर्लकोटा या तीन नद्या इथे एकत्र येतात; पलीकडचा किनारा छत्तीसगडचा. पाणी उतरलेलं, वाळूचे लांब पट्टे उघडे पडलेले, एक डोंगा एकटाच चाललेला. बायका फोटो काढत होत्या.

“हे मांडव्याजवळ असतं तर,” दादा म्हणाला.

“तर काय?” बायकोने विचारलं.

“पन्नास बंगले.” मग जरा थांबून स्वतःशीच म्हणाला, “सी-टच नाही, रिव्हर-टच.”

बायको उठून दुसऱ्या बायकांत जाऊन बसली.

त्याचं हे बोलणं एका पोराने ऐकलं. आलापल्ली ते भामरागड काळी-पिवळी चालवणारा माडिया पोरगा, आश्रमशाळेत शिकलेला, मराठी चांगली बोलणारा. गाडीचे हप्ते चालू होते. त्याने सरळ विचारलं, “सर, जागा पाहता काय? नदीला लागून आहे. पर्लकोटेच्या काठाला.”

दादाला कायदा तोंडपाठ होता. कर्जत, खालापूर, सुधागड इथल्या ठाकूर-कातकऱ्यांच्या जमिनींचे व्यवहार करताना त्याने महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम 36-अ अनेकदा वाचलं होतं. आदिवासीची जमीन परवानगीशिवाय बिगर-आदिवासीच्या नावावर होत नाही, आणि झाली तर परतही जाऊ शकते. त्यात हा सगळा अनुसूचित प्रदेश, पेसा कायद्याखालचा. पण कायदा पाठ असलेल्या माणसाला त्याच्या फटीही पाठ असतात.

“सातबारा कुणाच्या नावावर?”

“अर्धी जागा आजोबाच्या सातबाऱ्यात. अर्ध्याचा वनहक्काचा पट्टा.”

“पट्टा सोड. तो वारसाला जातो, विकता येत नाही. 2006 चा कायदा आहे. सातबाऱ्यातल्या जागेचं बोलू. नाव तुझंच राहील. पैसा माझा. वर चार खोल्या बांधू, टुरिस्ट येईल, तुला महिन्याला पगार. खरेदी नाही, काही नाही.”

पोराने मान हलवली. त्याचं डोकं वेगळ्याच दिशेने चाललं होतं. 2019 च्या सप्टेंबरात भामरागडची बाजारपेठ पाण्याखाली गेली तेव्हा ही जागा तर आधीच बुडाली होती. त्या पट्ट्यात गावात कुणी कधी कूडसुद्धा घातला नव्हता. दरसाल बुडणारी जागा शहरातल्या माणसाच्या गळ्यात मारायची, हप्ते फेडायचे आणि पूर आला की हात वर करायचे. आपण फसवतो आहोत असं दोघांनाही वाटत असलं की सौदा फार लवकर जमतो. एक अडचण होती: सातबाऱ्यावर म्हातारा होता.

दुसऱ्या दिवशी सहल प्राणी बघायला गेली आणि दादा पोराबरोबर त्याच्या गावी गेला. सोबत जवळच्या एका आश्रमशाळेतले शिक्षक होते. वर्ध्याकडचे, पण इतकी वर्षं इथे काढलेले की माडियात भांडणसुद्धा सोडवायचे. म्हाताऱ्याला मराठी कळायची, बोलायची नाही. किंवा बोलायची इच्छा नसायची.

म्हातारा अंगणात मासे धरायचा बांबूचा सापळा विणत बसला होता. पातळ कामट्या पायाच्या अंगठ्यात धरून तो एकेक कामटी खालून-वरून घेत होता. तोंडाशी रुंद, आत निमुळता, म्हणजे मासा आत शिरला की त्याला वळायला जागा नाही. दादा खाडीकाठचा, त्याला हे काम ओळखीचं. तो आपोआप मांडी घालून बसला आणि एक सुटलेलं टोक धरून ठेवलं. म्हाताऱ्याने त्याच्याकडे बघितलं आणि धरू दिलं. मग आतून तुंबा आला, पानाच्या द्रोणात गोरगा ओतला गेला. सुरमाडाचा रस; सकाळी गोड, दुपारपर्यंत चढणारा. झाड म्हाताऱ्याच्या मालकीचं, पण शेजारचे चौघे न बोलावता येऊन बसले होते आणि त्यांचे द्रोण आधी भरले गेले.

“पाहुणा कुठला?” म्हाताऱ्याने विचारलं. शिक्षकांनी सांगितलं, समुद्राकाठचा.

“समुद्राकाठी शेत होतं का?”

या प्रश्नाने दादा खुलला. जमिनीची गोष्ट म्हटली की तो गिऱ्हाइकालाही आधी आजाची सांगायचा. “होतं म्हणजे? माझ्या आजाने त्या शेतासाठी सहा वर्षं नांगर धरला नाही. चरीचा संप. 1933 ते 1939. पिकेल त्यातलं बहुतेक खोत न्यायचा, म्हणून पंचवीस गावांनी जमिनी पडीक टाकल्या. नारायण नागू पाटील आमचे पुढारी. बाबासाहेब आंबेडकर चरीला येऊन गेले. लोक लाकडं तोडून, मासे धरून जगले, पण कुणी फुटून शेतात उतरला नाही. पुढे कुळकायदा आला. 1 एप्रिल 1957 ला कूळ मालक झालं. आमच्या घरात त्या तारखेला अजून नारळ फोडतात.”

शिक्षक भाषांतर करत होते. अंगणातली माणसं कान देऊन ऐकत होती. संप ही गोष्ट त्यांना समजावून सांगावी लागली नाही. गोदावरीवर इंचमपल्ली आणि इंद्रावतीवर भोपाळपट्टणम अशी दोन धरणं बांधून हा सगळा मुलूख पाण्याखाली घालायचा घाट एकदा होता. 1984 साली बाबा आमट्यांच्या पुढाकाराने जंगल बचाव, मानव बचाव आंदोलन झालं आणि ती धरणं मागे पडली. म्हातारा तेव्हा ऐन तरुण होता.

“खार जमीन,” दादा पुढे सांगू लागला. “म्हणजे समुद्राची जागा. बांध घालून पाणी बाहेर ठेवायचं आणि आत भात पिकवायचा. सगळ्यात बाहेरचा तो बाहेरकाठा. त्याला उघाडी असते, लाकडी झडपेची. ओहोटीला आतलं पाणी बाहेर, भरतीला झडप बंद. कागदावर बांध सरकारी योजनेत होता. रात्री मात्र तो गावाचाच. ज्याचं जेवढं शेत तेवढा त्याच्या वाट्याचा बांध. श्रावणातल्या अमावस्येला-पौर्णिमेला उधाण आलं की प्रत्येक घरातला माणूस कंदील घेऊन आपल्या वाट्यावर उभा. कुठे पाझर दिसला की हाक मारायची, सगळे चिखल आणि पेंढा घेऊन धावायचे. खांड हाताएवढी असते तोवर बुजते. पुढे नाही बुजत.”

“आता कोण उभं राहतं?”

“आता शेतच नाही ना तिथे.” दादाने द्रोण खाली ठेवला. “ती पण गोष्ट सांगतो. माझा धंदा तिथूनच सुरू झाला.”

आणि त्याने जशी तो नेहमी सांगायचा तशी, हुशारीची गोष्ट म्हणून सांगितली. गावात बाहेरकाठ्याला लागून त्याचंच शेत होतं, खाडी समोर, वारा चांगला. मुंबईच्या एका पार्टीला ते आवडलं. गावात पहिली विक्री त्याची. साठेखत एका दुपारी झालं. त्याने पनवेलला फ्लॅट घेतला. पार्टीने सात फुटी कंपाउंड घातलं, फाटकाला कुलूप, आत राखणदार. पार्टी चांगली होती, तिला बांध म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. तिला वाटलं, फिरायला छान उंच वाट आहे. दुसऱ्याच वर्षी श्रावणी पौर्णिमेच्या उधाणाला त्याच तुकड्यात खांड पडली. लोकांना पाण्याचा आवाज आला, लोक धावले, पण मधे भिंत. वळसा घालून पोचेपर्यंत दोन बैलगाड्या जातील एवढं भगदाड झालं होतं. गुडघाभर वाढलेल्या भातात समुद्र शिरला. चुलत्याच्या तळ्यातले जिताडे, जावयासाठी दोन वर्षं पाळलेले, पाण्याबरोबर खाडीला गेले.

“मीठ उतरलं की पुढचे दोन-तीन पावसाळे जमीन धुवावी लागते, तेही बांध धड असेल तर,” दादा म्हणाला. “ढेकळं पांढरी पडली. पिकत नाही म्हणून कुणी बांधावर जाईना, बांधावर कुणी जाईना म्हणून पिकेना. लोक हवालदिल. अशी नापीक जमीन घेणार कोण? मीच गिऱ्हाइकं आणली. एकेकाचं करत सगळ्यांचं विकून दिलं. भाव कमी मिळाला, पण मिळाला. दोन टक्के यांच्याकडून, दोन टक्के त्यांच्याकडून. गावाला मीच तारलं म्हणा ना.”

अलिबागला ही गोष्ट ऐकून लोक मान डोलावत. इथे कुणी डोलावली नाही. गोष्ट पुरी झाली आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं. म्हाताऱ्याने कामटी बाजूला ठेवली आणि काही विचारलं. शिक्षक क्षणभर घुटमळले; मग त्यांनी ते सांगितलं.

“ते विचारतायत, भोक पडलं तिथे कोण उभं असायला पाहिजे होतं?”

“मी,” दादा म्हणाला. “म्हणजे, आधी मी. पण मी विकली होती ना ती जमीन.”

“जमीन विकलीस. उभं राहणं कुणाला विकलंस?”

दादा सौद्यात कधी निरुत्तर व्हायचा नाही. त्याने बोलायला तोंड उघडलं. साठेखतातली कलमं त्याला आठवत होती: चतुःसीमा, झाडं, विहीर, वहिवाट, तदंगभूत वस्तूंसह. सगळं लिहिलेलं असतं. श्रावणातली रात्र कुठल्या कलमात बसते हे त्याला सांगता येईना. “ते लिहायची पद्धत नाही,” तो म्हणाला, आणि हे उत्तर त्याचं त्यालाच खुळ्यासारखं वाटलं.

म्हातारा पुन्हा विणायला लागला. जागेबद्दल त्याने अजून एक शब्द काढला नव्हता. नातवालाच राहवेना. त्याने तिघांना उठवलं आणि काठावर नेलं.

जागा खरंच देखणी होती. मोहाची चार जुनी झाडं, खाली मऊ गाळाचा पट्टा, पुढे पर्लकोटेचं हिरवं पाणी. दादाने सवयीने चप्पल काढून माती पायाने दाबली, मग झाडाच्या बुंध्याकडे गेला. माणसाच्या डोक्याहून वर, सालीच्या फटींत सुकलेला गाळ होता आणि एका बेचक्यात गवताचा जुना पुंजका अडकला होता. खाडीकाठच्या माणसाला हे वाचायला शिकवावं लागत नाही.

“इथे पाणी येतं,” तो म्हणाला.

पोराचा चेहरा पडला. “थोडं येतं. कधी कधी.”

“थोडं? हे बघ कुठवर आलंय. नदी तर एवढी मोठी वाटत नाही.”

“नदीचं नाही, सर,” शिक्षक म्हणाले. “इंद्रावती भरून चालली की पर्लकोटेला पुढे जागा मिळत नाही. तिचं पाणी मागे फुगतं. इथे पाऊस नसला तरी पूर येतो. पूल बुडतो आणि भामरागड तुटतं.”

“म्हणजे भरतीच की,” दादा म्हणाला. तो पहिल्यांदाच मनापासून हसला. “उलटं पाणी. मग त्यात काय! आमच्याकडे रोजचं आहे. भराव टाकायचा. सहा-सात फूट. भोवती आरसीसीची भिंत. आमच्याकडे सगळे बंगले असेच उभे आहेत, एकाच्याही ओट्याला पाणी लागत नाही.”

पोराने नदीकडे बघितलं, मग मागे. काठाच्या मागे जमीन किंचित उतरती होती आणि तिथून एक नाला गावाच्या खालच्या अंगाला जात होता. त्या नाल्याकाठी पाच-सहा घरं होती. त्यांतलं एक त्याच्या बहिणीच्या सासरचं.

“भराव टाकला,” तो सावकाश म्हणाला, “तर इथे पसरणारं पाणी कुठे जाईल?”

इथे दादाला खोटं बोलता आलं असतं. पाइप टाकू, गटार काढू, इंजिनिअर बघेल. अलिबागला तो हेच म्हणायचा. पण पाण्याच्या बाबतीत खारवटातल्या माणसाची जीभ सहजासहजी वळत नाही, आणि त्यात आत्ताच अंगणात झालेलं बोलणं अजून कानात होतं.

“शेजारी,” तो म्हणाला.

“शेजारी म्हणजे तिथे?”

“नाल्यातून. हो. तिथेच.”

पोरगा बराच वेळ काही बोलला नाही. फसवायला निघालेल्या माणसाला आपण नेमकं कुणाला फसवत होतो हे असं जागेवर दिसलं की तोंडाला कोरड पडते. मग म्हणाला, “गावात विचारतो, सर. सगळ्यांना बसवतो.”

“गावात विचारलं की सौदा मरतो,” दादा म्हणाला. “मी इतकी वर्षं धंदा करतो. सौदा दोघांत होतो.”

“मग मरू द्या, सर. हप्त्याचं मी बघतो.”

हप्त्याचं तो काय बघणार, हे या गोष्टीत येत नाही. पण ते विसरायचं कारण नाही. जंगलात राहणारा माणूस निर्लोभी असतो आणि शहरातला लोभी, अशी वाटणी करून टाकणं फार सोयीचं आहे, आणि खोटं आहे. त्या पोराला मोबाईल लागतो, डिझेल लागतं, बहिणीच्या बाळंतपणाला गाडी लागते. त्याच्या गावाने त्याला पैसे दिले नाहीत. गावाने त्याला एवढंच दिलं की प्रश्न विचारायला सगळी माणसं एका अंगणात बसलेली सापडतील.

परतीच्या वाटेवर शिक्षकांनी दादाला मेंढा-लेखाची गोष्ट सांगितली. याच गडचिरोली जिल्ह्यातलं, धानोरा तालुक्यातलं गोंडांचं गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही तिथली घोषणा. देवाजी तोफांसारखे जाणते लोक गावाला मिळाले, पण निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने. एकजण जरी अडला तरी पुन्हा बसायचं. वनहक्क कायद्याखाली 1,809 हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क 2009 साली मान्य झाला. 2011 साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. आणि 2013 साली गावातल्या सगळ्या जमीनवाल्यांनी आपापली खासगी शेतं, 1964 च्या ग्रामदान कायद्याचा आधार घेऊन, ग्रामसभेच्या नावे केली. कसायचं ज्याने त्याने, पीक ज्याचं त्याचं. बाहेरच्याला विकता मात्र येत नाही.

“कुणी जबरदस्ती केली?” दादाने विचारलं.

“नाही. आधी अभ्यास गट बसवला. मग बरीच वर्षं चर्चा.”

“आमच्याकडे नाही जमणार,” दादा म्हणाला. “सर, आमच्याकडे सामाईक सातबाऱ्यावर चाळीस नावं असतात. दोघे भाऊ एका कागदावर सही करायला तहसिलीत एकत्र येत नाहीत. आले तर विकायलाच येतात.”

शिक्षकांनी वाद घातला नाही. बस सुटताना दादाने खिडकीतून हात केला. बायकोने विचारलं, “झाली का जागा बघून?” तो म्हणाला, “पाण्याखालची आहे.” हे उत्तर खरं होतं आणि अर्धं होतं.

मे महिन्यात दादाच्या गावात पुन्हा डंपर लागले. जुन्या खारवटात एकच शेत विकायचं राहिलं होतं, त्याच्या काकीचं. ज्यांचे जिताडे वाहून गेले त्या चुलत्याची ही बायको. चुलता गेला, मुलगा ठाण्याला नोकरीला, पण म्हातारीने सही केली नाही. तिन्ही बाजूंनी भराव टाकून बंगले उठले आणि तिचं शेत मध्ये परातीसारखं खोल राहिलं. पावसाचं पाणी पूर्वी जिकडून उघाडीला जायचं ती वाट बुजली. दर पावसाळ्यात तिचं भात कुजे आणि दर पावसाळ्यानंतर ती दादाला म्हणे, नाला तेवढा मोकळा करून दे. तो म्हणे, बघतो.

बघण्यासारखं त्यात फार नव्हतं. मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906. त्याच्या पाचव्या कलमाखाली शेतावर पडलेलं पाणी नैसर्गिकपणे वाहून जाण्याची वाट कुणी बेकायदा अडवली, तर तहसीलदार तो अडथळा काढायला लावू शकतो. दावा साधा आहे, मोठा वकील लागत नाही. अट एवढीच की अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत यावं लागतं. काकीला हे ठाऊक नव्हतं. दादाला होतं. भराव टाकणाऱ्या प्रत्येक पार्टीला तो हाच सल्ला द्यायचा: दिवाळीनंतर टाका, शेतात पाणी नसतं, कुणाच्या लक्षात येत नाही, पाऊस पडेपर्यंत सहा महिने निघून जातात. हा सल्ला तो फुकट द्यायचा. सेवा म्हणून.

या वेळी पार्टीने ऐकलं नव्हतं, उशीर केला होता. चौथ्या बाजूला, शेवटच्या उघड्या अंगाला, डंपर मुरूम ओतत होते. पार्टी दादानेच आणलेली. टोकन झालं होतं, दोन टक्क्यांपैकी अर्धे खात्यावर आले होते.

दादा डंपरपाशी उभा राहिला. ड्रायव्हरने ओळखीचा हात केला. मुरमाचा ढीग बांधावरून घसरून काकीच्या खाचरात उतरत होता आणि त्याच्या पायथ्याशी जुन्या नाल्याचं तोंड अजून हातभर उघडं होतं. त्याने मोबाईल काढून तारीख-वेळेसकट फोटो घेतले. नाल्याचे, ढिगाचे, डंपरच्या नंबराचे. अशा प्रकरणात कुठले फोटो लागतात हे दुसऱ्या बाजूला बसून त्याने चांगलं पाहिलं होतं. मग अलिबागला जाऊन अर्ज टाईप करून आणला, सातबारा आणि गावनकाशाची नक्कल जोडली, आणि संध्याकाळी काकीच्या पडवीत गेला.

तेवढ्यात पार्टीचा फोन आला. “दादा, ड्रायव्हर सांगतो तुम्ही फोटो काढत होता. काही प्रॉब्लेम?”

“आहे. पाण्याची वाट सोडून भराव टाका. पाइप नाही, उघडा नाला. नकाशात आहे तेवढा.”

“तुम्ही आमच्या बाजूचे ना?”

“तुमचा टोकनचा हिस्सा उद्या परत पाठवतो,” दादा म्हणाला आणि फोन ठेवला. पैसे पनवेलच्या फ्लॅटच्या हप्त्याला गेले होते. ते कुठून आणायचे याचा त्याने अजून विचार केला नव्हता.

काकी कांद्याच्या माळा विणत होती. त्याने अर्ज समोर ठेवला, कुठे सही करायची तिथे फुली मारून दिली, साक्षीदार म्हणून स्वतःचं नाव लिहिलेलं दाखवलं. तिने चष्मा पुसून कागद वरपासून खालपर्यंत बघितला. वाचता येत नव्हतं तरी बघितला. मग पेन हातात घेतलं आणि तसंच धरून ठेवलं.

“सय करीन रं मी,” ती म्हणाली. “पन आधी मना सांग, यान तुजं किती टक्कं?”